फुकटची चार चाकं

आमच्या गावातून वर पठारावर जाणाऱ्या रस्त्याला सात वळणं आहेत. जर्मनीच्या या भागात अशा घाटाला श्टाइगे म्हणतात. खंबाटकी चढ-उतर केलेल्या माणसाला हसू यावं, एवढासा घाट. उन्हाळ्यात म्हातारी माणसंसुद्धा त्यावर सायकली चढवतात. पण नोव्हेंबरपासून त्याचा चेहरा बदलतो. डोंगराच्या उत्तर अंगाला असल्यामुळे तीन-चार महिने त्यावर ऊन म्हणून पडत नाही. खाली गावात नुसता पाऊस असतो, तेव्हा तिसऱ्या वळणापासून वर बर्फ असतो. पाचव्या वळणावर, लोखंडी कठड्याच्या पलीकडे, एक लाकडी क्रूस आहे. त्याच्यापाशी लाल काचेतला दिवा कोणीतरी नेमानं लावतं. कोणासाठी, ते मी कधी विचारलं नाही.

माझी बायको त्या रस्त्यानं रोज पहाटे सव्वापाचला वर जायची.

वर एक छोटं हॉस्पिटल आहे, त्याच्या लॅबमध्ये तिला नोकरी लागली होती. तिच्या डिग्रीला इथली मान्यता मिळवण्यात तीन वर्षं गेली होती. कागद पाठव, शिक्का आण, भाषेची परीक्षा दे, परत कागद पाठव. नोकरी हातात आली, पण पहिले सहा महिने प्रोबेत्साइट, म्हणजे कधीही नारळ देतील अशी मुदत. शिफ्ट सहाची, आणि पहिली बस पावणेसातला. सुरुवातीला एक सहकारी बाई तिला गाडीतून न्यायच्या. त्या ऑक्टोबरअखेर बाळंतपणाच्या रजेवर जाणार होत्या. त्यानंतर एकतर गाडी, नाहीतर राजीनामा, असा सरळ हिशेब होता. बायकोला लायसन्स तिसऱ्या परीक्षेत मिळालं होतं, तेही उन्हाळ्यात. बर्फावर तिनं स्टिअरिंगला हातही लावलेला नव्हता.

गाडी निवडायचं काम अर्थातच माझं.

अर्थातच म्हणतो, कारण मी गाड्यांवरच शिकलो. सतराव्या वर्षी पुण्याच्या जुन्या बाजारातून भंगारात निघालेली एक स्कूटर उचलली, नीट केली, विकली. मग दुसरी. डिप्लोमाची फी, पुढची डिग्री, सगळं त्यातून निघालं. आज मी त्सुफेनहाउझेनला एका सॉफ्टवेअर कंपनीत बसतो, पण गाडीचा आवाज ऐकून तिचं वय सांगणारा माझा कान अजून तसाच आहे. बाजारात मी एक गोष्ट शिकलो होतो. विकणारा "घ्या घ्या" म्हणाला तर माल संशयास्पद. आणि "हे राहू द्या, हे नका घेऊ" म्हणाला, तर समजायचं की मालच चांगला आहे, आणि त्याच्याकडे दुसरं गिऱ्हाईक येऊन गेलंय.

या नियमानं मला वीस वर्षांत एकदाही फसवलं नाही. फसलो ते नियम मोडला तेव्हा. आमच्या मराठी मंडळातले एक ज्येष्ठ गृहस्थ कायमचे पुण्याला परत निघाले होते. मी त्यांना दादा म्हणायचो. त्यांनी त्यांची गाडी मला देऊ केली. मी भाव विचारल्यावर खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अरे, आपल्यात कसली घासाघीस? घरची गाडी घरात राहतेय." मी आयुष्यात पहिल्यांदा सांगितलेला आकडा दिला. दोन महिन्यांत भर रस्त्यात इंजिनाची साखळी तुटली. गाडी भंगारात गेली. दादांना केलेले मेसेज निळे झाले, उत्तर आलं नाही. पुढच्या गणपतीला मंडळात एकजण सगळ्यांसमोर म्हणाला, "काय राव, कोथिंबिरीच्या जुडीला भांडता आणि गाडी न बघता घेता?" सगळे हसले. ते हसू अजून माझ्या कानात आहे. ते मी विसरणार नाही, आणि दादांनाही विसरणार नाही.

तेव्हा या वेळी मी कोणाच्याही बोलण्यावर विश्वास ठेवणार नव्हतो.

ऑक्टोबर लागल्यापासून शनिवार-रविवार गाड्या बघितल्या. खिशात एक लोहचुंबक ठेवायचो. जिथे पत्र्याला तो चिकटत नाही, तिथे खाली पुट्टी भरलेली असते. आधी बोनेटवर हात ठेवून बघायचो. गरम लागलं तर विकणाऱ्यानं मी यायच्या आधी इंजिन तापवून ठेवलंय, म्हणजे थंडीत ती सुरू होत नाही. मग तेलाचं झाकण उघडून आत पांढरी साय आहे का, म्हणजे तेलात पाणी शिरलंय का, ते बघायचं. मग सरळ जमिनीवर झोपून गाडीची खालची बाजू. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, आणि ते मीठ गाडी खालून खात असतं. वरून नवरीसारखी दिसणारी गाडी खालून चाळण झालेली असते. एका आवारातल्या विक्रेत्याला मी ते दाखवलं, तर तो म्हणाला, "आवडत नसेल तर नका घेऊ." मग माझाही आवाज चढला. त्यानं मला बाहेरचा रस्ता दाखवला. असे चार झाले.

तेव्हा सासूबाई आमच्याकडे तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. रोज संध्याकाळी विचारायच्या, "काय जावईबापू, ठरली का?"

"नाही आई. चोर आहेत सगळे."

"सगळे?"

"सगळे."

"मग दसऱ्यापर्यंत एखादा बरा चोर बघा. दसऱ्याला गाडी दारात यायला हवी. मी नारळ आणून ठेवलाय."

दसऱ्याच्या दिवशीच एक जाहिरात दिसली. शेजारच्या गावातला म्हातारा. फोटो दोनच, तेही धूसर, आणि खाली लिहिलेलं, किंमत पक्की. मी दुपारची सुट्टी टाकली. बायको शिफ्टवर होती. सासूबाई नारळ, लिंबू आणि झेंडूचा हार पिशवीत घालून माझ्याबरोबर बसनं निघाल्या.

म्हातारा उंच, वाकलेला, पंचाहत्तरच्या पुढचा. गॅरेजचं दार त्यानं हातानं वर उचललं. आत करड्या रंगाची छोटी गाडी. बोनेटला हात लावला, थंडगार. चुंबक सगळीकडे चिकटला. झाकण स्वच्छ. खाली झोपून टॉर्च मारला, गंज नावाला. किल्ली फिरवली तर पहिल्या झटक्यात सुरू. दोन मिनिटांत हीटर गरम, सीटही गरम. पुढच्या चाकांवर चालणारी, वजनाला बेताची, चालली फार कमी. थंडीच्या घाटाला अशीच गाडी हवी होती.

सगळं चांगलं दिसलं की मला संशय येतो.

"एवढी चांगली आहे, मग विकताय कशाला?" मी विचारलं.

"बायकोची आहे. ती आता चालवत नाही."

"कधीपासून?"

"जानेवारीपासून. श्टाइगे उतरत होती." त्यानं नाव घेतलं ते आमच्याच घाटाचं. "गाडी गोल फिरली आणि थांबली."

"म्हणजे अपघात?"

"नाही. काहीच झालं नाही. ओरखडासुद्धा नाही. घरी आली, किल्ली टेबलावर ठेवली. परत उचलली नाही."

"आल्झो, म्हणजे गाडीत काहीतरी दोष आहे," मी म्हणालो. मुद्दा हातात आला होता.

"गाडीत नाही," म्हातारा म्हणाला, आणि भिंतीकडे बघायला लागला.

भिंतीवर लोखंडी हुकांना चार चाकं टांगलेली होती. हिवाळी टायर, बर्फासाठीचे, रिमसकट. प्रत्येकावर खडूनं लिहिलेलं, पुढचं डावं, पुढचं उजवं, असं. मी जवळ गेलो. नक्षी खोल होती, जवळजवळ नवी. इथले लोक टायर तपासायला एक युरोचं नाणं नक्षीत घालून बघतात. नाण्याची सोनेरी कड झाकली गेली तर टायर चालतो. मी नाणं घातलं. कड पूर्ण आत गेली, वर अजून जागा उरली. बाजूला डोंगर आणि हिमकणाचं चिन्हही होतं, कायद्याला लागतं ते.

जाहिरातीत या चाकांचा उल्लेखच नव्हता.

"ही पण द्या," मी म्हणालो.

"ती नका घेऊ," म्हातारा म्हणाला. "ती तुमच्या कामाची नाहीत. गाडी घ्या, चाकं राहू द्या."

जुना बाजार माझ्या डोळ्यांसमोर उभा राहिला. मला हसू आलं. हिवाळी चाकं दाराशी आलेल्या थंडीत वेगळी विकली तर चांगला भाव येतो, हे मला न कळायला मी काय काल आलो होतो?

"चाकांसकट, आणि चारशे कमी," मी म्हणालो.

"किंमत पक्की लिहिली आहे."

"लिहिलेलं खोडता येतं."

"अहो, तुम्ही ऐकत नाही आहात. या चाकांनी..."

"मी सगळं ऐकलंय. बायकोला गाडी नको, तुम्हाला गॅरेज मोकळं करायचंय, आणि हिवाळ्यात गाडी पडून राहिली तर बॅटरी जाणार. गेनाऊ? बरोबर ना?"

सासूबाई माझी बाही ओढत होत्या. "काय म्हणतोय हो तो?"

"काही नाही आई. भाव वाढवतोय."

"भाव वाढवणाऱ्याचं तोंड असं नसतं. तो कसलं तरी नको नको म्हणतोय. नको म्हणतोय तर नका ना घेऊ."

"आई, तुम्हाला भाषा येत नाही."

"तोंड वाचायला भाषा कशाला लागते?"

मी लक्ष दिलं नाही. पाऊण तास मी त्या म्हाताऱ्याला सोडलं नाही. तो दर वेळी त्या चाकांवर यायचा आणि मी दर वेळी त्याला किमतीवर आणायचो. शेवटी त्यानं हात वर केले, हरल्यासारखे नव्हे, थकल्यासारखे. तीनशे कमी, आणि चाकं त्यात. मग आम्ही स्वयंपाकघरात बसलो. छापील करार त्यानं भरला. त्यात माहीत असलेले दोष लिहायला एक चौकट असते. तिथे तो बराच वेळ लिहीत होता. माझी नजर आकड्यावर होती, कारण आकडा नीट लिहितोय ना, हे बघायचं होतं. आकडा बरोबर होता. मी सही केली.

मी चाकं एकेक करून मागच्या सीटवर चढवत होतो, तेव्हा स्वयंपाकघराच्या खिडकीवर कोणीतरी टकटक केलं. आत एक म्हातारी उभी होती, अंगावर राखाडी स्वेटर. तिनं माझ्याकडे बघून मान हलवली. नाही, अशी. मी घासाघीस केल्याचा राग आला असेल, असं मला वाटलं. सासूबाईंनी बोनेटवर हार ठेवला, नारळ फोडला आणि पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. मी गाडी पुढे घेतली. लिंबू चिरडलं. आरशात बघितलं तर म्हातारी अजून खिडकीत होती.

त्या संध्याकाळी घरात सण होता. श्रीखंड होतं. मी सौद्याची गोष्ट दोनदा सांगितली. बायको करार वाचत बसली होती. तिचं जर्मन माझ्यापेक्षा चांगलं, परीक्षा देऊन मिळवलेलं.

"सही करताना हे वाचलंस का?" तिनं विचारलं.

"काय?"

"दोषांच्या चौकटीत. हिवाळी टायर जुने, कडक झालेले. बर्फात वापरू नयेत. घेणाऱ्याला सांगितलेलं आहे."

"अगं, ते कायद्यासाठी. उद्या काही झालं तर अंगावर येऊ नये म्हणून लिहितात. इथले लोक चहाच्या कपावरही गरम आहे म्हणून लिहितील."

"त्यानं हातानं लिहिलंय. वेळ घेऊन."

मी तिला खाली नेलं, टायरमध्ये नाणं घालून दाखवलं. "बघ. कड दिसतेय का? नवीन आहेत जवळजवळ."

"अरे, घाट मी चढणार आहे, तुझं नाणं नाही. नवीन टायर घेऊया ना."

आणि मग माझा पारा चढला. फुकट मिळालेली, नवीकोरी दिसणारी चाकं टाकून दुसरी घ्यायची? तीही त्या म्हाताऱ्याच्या शब्दावर? मी काय काय बोललो ते सगळं आठवत नाही. तुलाही परक्याचंच खरं वाटतं, माझं नाही, असं बोललो. मंडळातल्या हसणाऱ्यांत तूही होतीस, असंही. ती नव्हती. वर आल्यावर सासूबाईंनी भांडी घासायचा नळ मोठा सोडला, इतका की माझा आवाज मलाच ऐकू येईना. बायकोनं करार घडी करून फायलीत ठेवला. त्यानंतर तिनं टायरचा विषय काढला नाही.

मला वाटलं, पटलं.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी स्वतः जॅक लावून चाकं बदलली. प्रत्येक टायर माझ्या हातातून गेला. सहकारी बाई रजेवर गेल्या. बायको एकटी घाट चढायला लागली.

नंतर आठवून बघितलं तर सगळं माझ्या डोळ्यांसमोरच घडत होतं. ती आधी सव्वापाचला निघायची. मग पाचला निघायला लागली. डिसेंबर लागला तेव्हा पावणेपाच. नोकरीत उत्साह आहे, असं मला वाटलं. तिनं डोंगर चढायचे बूट घालायला सुरुवात केली, लॅबचे बूट पिशवीत. सासूबाई पहाटे उठून स्वयंपाकघरात दिवा न लावता बसायच्या, समोर फोन. "पोचले" असा मेसेज आला की मगच चहा टाकायच्या. मी साडेसहाला उठायचो, तेव्हा चहा तयार असायचा. एकदा विचारलं, "आई, झोप लागत नाही का इथे?" तर म्हणाल्या, "लागते. सहानंतर."

एका सोमवारी गाडीच्या उजव्या दरवाज्यावर लांब ओरखडा दिसला. हँडलच्या खाली पत्रा आत गेलेला, आणि त्यावर चंदेरी रेघ.

"हे काय?"

"माहीत नाही," बायको म्हणाली. "पार्किंगमध्ये कोणीतरी घासली असेल."

झालं. इथे दुसऱ्याची गाडी ठोकून न सांगता पळणं हा गुन्हा आहे. कोणीतरी माझी गाडी ठोकून गुपचूप निघून गेलं होतं, दादांसारखं. मंगळवारी मी दुपारी सुट्टी घेतली आणि बसनं वर गेलो. हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये हाउसमाइस्टर, म्हणजे तिथली देखभाल बघणारा माणूस, छोट्या ट्रॅक्टरनं बर्फ बाजूला सारत होता. ट्रॅक्टरला पुढे चंदेरी फावडं. मला आणखी काय पुरावा हवा होता? मी सरळ ट्रॅक्टरच्या पुढे जाऊन उभा राहिलो.

"हा रंग बघा. आणि हे तुमचं फावडं बघा."

तो खाली उतरला. "मी कुठल्याही गाडीला लावलेलं नाही."

"मग गाडी स्वतः जाऊन घासली का? कॅमेरा दाखवा. नाहीतर पोलिसांना बोलावतो."

आवाज ऐकून दारात सिगारेट ओढत असलेले दोघे-तिघे वळून बघायला लागले. मी फोन काढून फावड्याचे फोटो घ्यायला लागलो. तेवढ्यात बायको शिफ्ट संपवून बाहेर आली. तिनं मला बघितलं, ट्रॅक्टर बघितला, आणि जिथे होती तिथेच उभी राहिली. मग चालत आली आणि त्या माणसाला म्हणाली, "माफ करा. चूक झाली. तुमचा काही संबंध नाही."

"अगं, तू मध्ये बोलू नकोस. मी बघतो याच्याकडे."

"कोणी ठोकली नाही," ती मराठीत म्हणाली. अगदी हळू. "मीच घासली. पाचव्या वळणावर. कठड्याला."

"कधी?"

"गुरुवारी. उतरताना. ब्रेक दाबला तरी गाडी थांबली नाही. कठडा होता म्हणून."

"आणि सांगितलं नाहीस?"

"सांगितलं होतं. दसऱ्याला."

हाउसमाइस्टर आमच्या दोघांकडे बघत होता. त्याला शब्द कळले नसतील, पण त्यानं ट्रॅक्टर बंद केला.

"गुरुवारनंतर तू रोज याच गाडीनं आलीस?"

"मग कशानं येणार? प्रोबेत्साइट जानेवारीत संपतेय. आणि तुला सांगितलं असतं तर तू त्या म्हाताऱ्याच्या दारात जाऊन भांडला असतास. टायर तेच राहिले असते."

खाली उतरताना ती चालवत होती, मी शेजारी. रस्ता मीठ टाकून ओला केलेला होता, तरी प्रत्येक वळणाच्या खूप आधी तिचा पाय ॲक्सिलरेटरवरून सुटायचा. पाचव्या वळणावर कठड्याला आमच्या गाडीचा करडा रंग लागलेला मी बघितला. त्याच्या मागे दोन हातांवर क्रूस होता.

आम्ही सरळ टायरच्या दुकानात गेलो. तिथल्या माणसानं नाणं वगैरे काही काढलं नाही. अंगठ्याचं नख टायरवर दाबलं. रुतलं नाही. मग टायरच्या बाजूवरचे चार आकडे दाखवले. कितव्या आठवड्यात, कुठल्या साली बनला, ते. अकरा वर्षं जुने होते. "कमी चालवले म्हणून नक्षी राहिली," तो म्हणाला. "पण रबर मेलेलं आहे. थंडीत हे लाकडासारखं होतं." ते चार आकडे मी चाकं बदलताना चार वेळा हातानं पुसले होते. पुण्यात टायर गुळगुळीत झाला की जातो. न झिजता, नुसता वयानं मेलेला टायर मी कधी बघितलाच नव्हता.

"आत्ता बदलून द्या. भाव काय असेल तो," मी म्हणालो. हे वाक्य माझ्या तोंडून येताना बायकोनं माझ्याकडे वळून बघितलं.

"या मापाचे संपलेत. उद्या रात्री बर्फ येणार म्हणून सगळ्यांनी नेले. शुक्रवारी मिळतील."

मी भांडायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं, भांडायचं कोणाशी? या माणसाशी नाही. म्हाताऱ्याशी तर नाहीच, त्याचा इशारा माझ्या सहीसकट फायलीत होता. मला रागानं घाम येतो हे सवयीचं आहे. त्या दिवशी तो राग जाऊन बसायला जागाच नव्हती.

बुधवारी रस्ता नुसता ओला होता, तो दिवस निभावला. रात्रभर बर्फ पडला. टॅक्सीवाल्याला आधीच फोन केला होता, तो म्हणाला पहाटे घाटावर येणार नाही. बायकोनं शिफ्ट बदलून मागितली, मिळाली नाही. एक आजारी, एक रजेवर.

"मी सोडतो," मी म्हणालो. "तू शेजारी बस."

"तू बर्फावर कधी चालवलीयेस?"

"मी गाड्यांवरच शिकलोय."

तिनं पिशवी उचलली. सासूबाई दारापर्यंत आल्या. "हळू जा रे दोघं," एवढंच म्हणाल्या. एरवी त्या मला अहो-जाहो करतात.

गुरुवारी पहाटे साडेचार. पहिली दोन वळणं ठीक गेली. तिसऱ्यानंतर रस्ता आणि कडेचा बर्फ यांत फरक राहिला नाही. दिव्याच्या उजेडात नुसती पांढरी धूळ अंगावर येत होती. चौथ्या वळणावर चाकं जागच्या जागी फिरायला लागली, मग धरली, मग परत फिरायला लागली. पाचव्याच्या अलीकडे, लाल दिवा दिसायला लागला होता, तिथे गाडी थांबली. आणि मग मागे जायला लागली.

मी ब्रेक दाबला. चाकं थांबली, गाडी थांबली नाही. फार हळू, चालणाऱ्या माणसाच्या वेगानं, काही आवाज न करता ती मागे घसरत होती, आणि तिचा मागचा भाग कठड्याकडे वळत होता. जेमतेम दोन-तीन गाड्यांच्या लांबीइतकं घसरलो असू. मी सगळी ताकद लावून ब्रेकवर उभा होतो.

"ब्रेक सोड," बायको म्हणाली.

"वेडी आहेस का?"

"सोड म्हणते ना! सोड, आणि डोंगराच्या बाजूला वळव."

मी सोडला. त्या एका क्षणात गाडी जड झाल्यासारखी मागे गेली, पण स्टिअरिंग हातात आलं. मी ते वळवलं. मागचं टोक डोंगराच्या बाजूच्या बर्फाच्या ढिगात जाऊन रुतलं. धप्प असा आवाज झाला. मग काहीच नाही. इंजिन चालू होतं. सीट गरम होती.

तिला हे येत होतं. कोणत्या क्षणी ब्रेक सोडायचा, ते ती महिनाभर या रस्त्यावर एकटी शिकत होती, आणि मी खाली झोपलेला होतो.

तिनं घड्याळ बघितलं, बूट आवळले, पिशवी खांद्याला लावली आणि दार उघडलं. मी तिच्यामागे चढायला लागलो. थोड्या वेळानं खालून नारिंगी दिवा फिरवत बर्फ काढणारा मोठा ट्रक आला. तिनं हात केला. चालकाशेजारी एकच जागा होती. ती चढून बसली, काच खाली केली.

"गाडी खाली नेऊ नकोस," ती म्हणाली.

"नाही नेत."

"अरे, खरंच."

"खरंच."

ट्रक बर्फ सारत अगदी हळू वळणाआड गेला. मी मागे येऊन गाडीचे इशाऱ्याचे दिवे लावले, रस्त्यावर लाल त्रिकोण ठेवला, किल्ली काढली आणि चालत उतरलो. दोनदा पडलो. घरी पोचायला पाऊण तास लागला.

दार मी उघडायच्या आधीच उघडलं. सासूबाई उभ्या होत्या, हातात फोन. त्यांनी माझे गुडघ्यापर्यंत ओले कपडे बघितले. माझ्या मागे बघितलं. तिथे कोणी नव्हतं, गाडी नव्हती.

"ती कुठंय?"

मला धाप लागली होती. तोंड उघडलं तरी शब्द येईना. किती वेळ गेला असेल, चार श्वासांचा, पाच श्वासांचा. तेवढ्या वेळात त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी बघितलं, आणि ते मला वाचता आलं. मग त्यांच्या हातातला फोन वाजला. "पोचले."

त्या खुर्चीवर बसल्या. मी किल्ली टेबलावर ठेवली. त्यांनी ती उचलली, तांदळाच्या डब्याचं झाकण काढलं, किल्ली आत खोल खुपसली आणि झाकण लावलं.

"शुक्रवारी चाकं आली की सांगा," त्या म्हणाल्या.

शुक्रवारपर्यंत मी किल्ली मागितली नाही.